मीटिंगचे मिनिट्स कुणी लिहायचे?

मागच्या अंकात या सदरात मी एक प्रश्न टाकला होता: आयटी कंपन्यांत मुली नोकरीला लागतात तर भरपूर, मग आठ-दहा वर्षांनी वरच्या खुर्च्यांवर त्या दिसत का नाहीत? नागपुरात मिहानच्या उद्योग-क्षेत्रापासून हिंगण्यापर्यंत सगळीकडून पत्रं आली. काही मुलींची, काही आयांची, एक-दोन पुरुषांची, तीही जरा तापलेलीच. मी स्वतः वायटूकेच्या (सन 2000 च्या तारखांच्या घोळाच्या) लाटेत कोबोल ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा शिकून या धंद्यात आले. आता कंपन्यांच्या टीम्स कशा चालतात ते बघून सल्ला देते. त्यामुळे पुस्तकी उत्तरं माझ्याकडे कमी आहेत. पत्रं छाटली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, माझ्या टीममध्ये चौदा जण, त्यांत मुली दोन. एचआर मागे लागलंय की डायव्हर्सिटी वाढवा. पण बॅकएंडच्या (पडद्यामागच्या सर्व्हर-डेटाबेसच्या कामाच्या) जागेसाठी मुलींचे रिझ्युमेच येत नाहीत, आणू कुठून? आणि स्पष्टच विचारतो, जो कोड चांगला लिहील त्याला घ्यावं, एवढं पुरे नाही का?
— टीम लीड, मिहान

उत्तर : दोन मुली आहेत हे लिहिलंत, त्या करतात काय ते नाही लिहिलंत. मी अंदाज करते. एक टेस्टिंगला असेल. दुसरी घेतली बॅकएंडसाठीच, पण रिलीज नोट्स, क्लायंटला जाणारं स्टेटस आणि प्रत्येक कॉलनंतरचा एमओएम, म्हणजे मीटिंगचे मिनिट्स, तिच्याकडे. का, तर 'तिचं इंग्लिश छान आहे नं'. अंदाज चुकला असेल तर जरूर कळवा, आनंदच होईल.

मी एखादी टीम बघायला जाते तेव्हा मुली किती हे आधी विचारतच नाही. लीडला म्हणते, जिरा (कामं वाटायचं सॉफ्टवेअर) उघडा, मागच्या सहा महिन्यांची टिकेटं, म्हणजे कामाच्या नोंदी, काढा आणि कुठलं टिकेट कुणाला दिलं ते वाचा. मोठ्याने वाचा. आयटी पार्कातल्या एका ऑफिसात असंच वाचन झालं. एकाच कॉलेजचे, एकाच बॅचचे, एकाच दिवशी रुजू झालेले एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाच्या नावापुढे पेमेंट गेटवे, लॉगिनची नवी व्यवस्था, जुन्या डेटाबेसमधून नव्यात माहिती हलवण्याचं काम. मुलीच्या नावापुढे बटणाचा रंग, रिपोर्टमध्ये एक कॉलम वाढवणे, टेस्ट केसेस, युजर मॅन्युअल, पुन्हा बटण. लीड वाचता वाचता मध्येच थांबला. माणूस भला होता. म्हणाला, 'मॅडम, हे मी ठरवून नाही केलं.' खरंच नव्हतं केलं.

मग होतं कसं? रात्री दहाला प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरत असलेली चालू सिस्टीम, बंद पडतं. लीडसमोर दोन नंबर असतात. 'तिला कशाला एवढ्या रात्री त्रास, घरचे काय म्हणतील' म्हणून तो मुलाला फोन लावतो. यात वाईट हेतू शोधून सापडायचा नाही, काळजीच आहे. पण रात्रभर बसून ज्याने पेमेंटचं दुखणं काढलं, त्याला ते मॉड्यूल आतून-बाहेरून कळलं, म्हणून त्यातलं पुढचं टिकेटही त्यालाच. मग मार्च येतो. (नागपुरात कूलरला नवी खस भरायची आणि अप्रेझलचा फॉर्म भरायची वेळ एकच.) फॉर्ममध्ये रकाना असतो की वर्षभरात कुठलं महत्त्वाचं मॉड्यूल तुमच्या जबाबदारीवर होतं? त्याच्याकडे लिहायला आहे, तिच्याकडे नाही. रेटिंग देणारा प्रामाणिकपणेच देतो. चार वर्षांनी तो सिनियर होतो. ती नोकरी बदलायला निघते, तर समोरचा म्हणतो, 'यांचा बॅकएंडचा अनुभव कमी दिसतो.' तुमच्याकडे न येणारा रिझ्युमे तो हाच, बरं का. तो आभाळातून पडत नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या टीममध्ये तयार होतो, नाहीतर होत नाही.

तेव्हा रिझ्युमे शोधायला बाहेर पडण्याआधी आपल्या घरातलं बघा. एमओएम आडनावांच्या क्रमाने सगळ्यांनी लिहायचा, लीडसकट. हे सांगितलं की लोक हसतात, पण फरक इथूनच पडायला लागतो, कारण एमओएम लिहिणारा माणूस मीटिंगमध्ये बोलत नसतो, खाली मान घालून लिहीत असतो. क्लायंटला तो दिसतही नाही. ऑन-कॉलचं, म्हणजे अडचणीत रात्री फोन कुणाला करायचा त्याचं, रोस्टर सगळ्यांचं करा. ज्याला जमणार नाही त्याने नाही म्हणावं, पण तिच्या वतीने तुम्ही 'नाही' म्हणू नका. लॅपटॉप घरी असतो, व्हीपीएन असतं, बहुतेक वेळा रात्री मिहान गाठायची गरजच नसते. आणि पुढचं मोठं मॉड्यूल तिच्या नावावर टाका, सोबतीला एक जाणता द्या, जसा त्या मुलाला पहिल्या वर्षी तुम्ही स्वतः दिला असेल.

भरतीचं थोडक्यात सांगते. जाहिरातीत 'सलग पाच वर्षांचा अनुभव' लिहिता, त्यातला 'सलग' काढा. त्या एका शब्दापाशी बाळंतपणानंतर परत येऊ पाहणारी बाई थबकते. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने. प्रत्येकाने गुण आपापल्या कागदावर लिहायचे आणि मगच चर्चा करायची. नाहीतर पहिला सिनियर 'मला काही जमलं नाही बुवा' म्हणतो आणि बाकीचे माना डोलावतात.

राहिला तुमचा 'चांगला कोड'. तुमचं म्हणणं मला मान्य आहे, फक्त तो चांगला आहे हे ठरवणारा डोळा तपासून घ्या. गिटहब या वेबसाइटवर जगभरचे प्रोग्रामर एकमेकांच्या प्रकल्पांना कोड पाठवतात. अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या कोडचा मोठा अभ्यास केला, 2016 मध्ये तो गाजला. एकूण हिशेबात बायकांनी पाठवलेला कोड जवळजवळ 79 टक्के वेळा स्वीकारला गेला, पुरुषांचा सुमारे 75 टक्के. पण पाठवणारी त्या प्रकल्पात नवखी असेल आणि प्रोफाइलवरून ती बाई आहे हे कळत असेल, तर तिथे मात्र बायकांचा आकडा पुरुषांच्या खाली गेला.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे. रजा संपवून रुजू झाले तर माझा प्रोजेक्ट दुसऱ्याकडे गेलेला, मला बेंचवर (प्रोजेक्टविना) बसवलंय. वर्षाचं रेटिंग 'सरासरी'. ऑफिसात पाळणाघर नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आई अमरावतीला. घरचे म्हणतात, दोन वर्षं सोड, मग बघू.
— मनीषनगर

उत्तर : 'दोन वर्षं सोड, मग बघू' हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ते कोण म्हणणार हेही आधी ओळखते. दोन वर्षांनी बाळ नर्सरीत जातं, नर्सरी दुपारी बाराला सुटते आणि तुमची टेक्नॉलॉजी तोवर दोन व्हर्जन पुढे गेलेली असते. माझं मत विचाराल तर सोडू नका. आधी कंपनीशी बोला, आणि जे बोलाल ते ईमेलवर.

कायदा तुमच्या बाजूने बराच आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा झाली, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच दुरुस्तीतलं पुढचं कुणी वाचत नाही. जिथे 50 किंवा अधिक कर्मचारी आहेत तिथे पाळणाघराची सोय करणं मालकावर बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. ही तरतूद नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. 'जागा नाही' हे उत्तर तुम्हाला मिळेल. त्यावर सांगा की पाळणाघर प्रत्येकाने वेगळं काढलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, सामायिक चालतं. एकाच इमारतीत चार कंपन्या असताना एक पाळणाघर मिळून चालवायला काय हरकत आहे? कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करायचं, हेही दोघांच्या संमतीने ठरवता येतं, तशी तरतूद आहे.

बेंचबद्दल. रजेच्या काळात नोकरीवरून काढणं किंवा सेवाशर्ती बाईच्या तोट्याच्या करणं बेकायदेशीर आहे. प्रोजेक्ट बदलणं म्हणजे शर्त बदलणं का, यावर एचआर वाद घालेल. तो वाद घालत बसू नका. त्यापेक्षा एक साधा ईमेल लिहा: मी अमुक तारखेला रुजू झाले, आधी अमुक मॉड्यूल माझ्याकडे होतं, त्याच तोडीचं काम कधी मिळेल ते कळवावं. रेटिंगबद्दल विचारा की वर्षातले जेवढे महिने काम केलं तेवढ्याच महिन्यांवर मूल्यमापन झालं का? रजेचे महिने शून्य धरून सरासरी काढली असेल तर ती दुरुस्त करून मागा. लेखी विचारलं की फायली हलतात.

इथे कायद्यालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विम्याच्या) मर्यादेबाहेरच्या पगारदार बाईची रजा आपल्याकडे पूर्णपणे मालकाच्या खिशातून जाते. अनेक देशांत तो भार सामाजिक विम्यातून उचलला जातो. आपल्याकडे तसं नसल्यामुळे लहान कंपनीचा मालक नवविवाहित मुलीचा रिझ्युमे हातात घेतला की मनात गणित मांडतो. आणि बापाच्या रजेचं काय? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना 15 दिवस मिळतात, खासगी नोकरीत कायद्याने एकही नाही. बाळ दोघांचं, सुट्टी मात्र एकीचीच. म्हणजे मालकाच्या वहीत 'धोक्याची' नोंद फक्त तिच्यापुढे होते. तुमचे यजमान काय करतात ते पत्रात कुठे आलं नाही. गुडघे सासूबाईंचे दुखतात, त्यांचे तर धड आहेत नं?

प्रश्न : माझ्या मुलाला व्हीएनआयटीत कॉम्प्युटर मिळालं नाही, त्याच्या मागच्या रँकच्या मुलीला मिळालं. मुलींना यंत्राची, कोडिंगची मुळात ओढ कमी, हा निसर्ग आहे. ओढून कशाला आणायचं?
— एक वडील, त्रिमूर्तीनगर

उत्तर : मुलाचं वाईट वाटलं, रँक थोडक्यात हुकणं फार लागतं. पण हिशेब नीट मांडू या. आयआयटींमध्ये 2018 पासून मुलींसाठी ज्या जागा आल्या त्या आहेत त्या जागांवर वाढवून दिलेल्या आहेत, मुलांच्या कापून नव्हे. तोवर आयआयटीत मुली जेमतेम 9 टक्के होत्या. 14 टक्क्यांपासून सुरुवात करून 2020 पर्यंत 20 टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं. एनआयटींतही (व्हीएनआयटी त्यांतलंच) त्याच धर्तीच्या जागा आहेत. बारावीच्या निकालात मुली दरवर्षी पुढे आणि आयआयटीत 9 टक्के, हे तुम्हाला कधी खटकलं होतं का? मुलगा हुकला तर 'एक वर्ष ड्रॉप घे, राजस्थानात कोट्याला क्लासला जा' म्हणणारं घर मुलीला 'मिळतंय ते घे, इथेच राहा' म्हणतं. मी धरमपेठेतल्या सुशिक्षित घरांत हे ऐकलेलं आहे.

आता निसर्ग. अमेरिकेत 1946 साली एनियाक हा प्रचंड संगणक जगाला दाखवला, तो प्रोग्राम करणाऱ्या सहाही जणी बायका होत्या. त्या काळी महत्त्व यंत्र बांधण्याला होतं. प्रोग्रामिंग हे कारकुनी काम वाटे, म्हणून बायकांना दिलं. पुढे त्याच देशात कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांत 1984 च्या सुमारास मुली 37 टक्के होत्या, त्या पंचवीसेक वर्षांत निम्म्यावर आल्या. एवढ्या वर्षांत निसर्ग बदलतो का हो? पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1995 साली कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेणाऱ्यांत मुली 7 टक्के होत्या, 2000 साली 42 टक्के. अभ्यासक्रम सोपा केला नाही. प्रवेशाच्या वेळी आधीपासून कोडिंग येण्याला जे जादा वजन होतं ते काढलं, आणि नवख्यांसाठी सुरुवातीचे वर्ग वेगळे लावले. ज्याला आठवीत घरी कॉम्प्युटर मिळाला तो जास्त हुशार, हा समज गेला आणि मुली दिसायला लागल्या.

मुलाला माझ्या शुभेच्छा. आयआयआयटी नागपूरचाही पर्याय बघा.

प्रश्न : पोट्टी मिहानला कंपनीत आहे, दुपारी लागते अन् मध्यरात्री सुटते. कॅब रस्त्यावरच सोडून देते, गल्लीत येत नाही म्हणते. मी तोवर दारात उभी. नोकरी सोडायला लावू काय?
— एक आई, कामठी

उत्तर : काकू, पोरीला नाही, कंपनीला धारेवर धरा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकानं व आस्थापना कायद्यात स्पष्ट आहे: रात्री साडेनऊ ते सकाळी सातच्या दरम्यान बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था लागते आणि घराच्या दारापर्यंत वाहन लागतं. नाक्यापर्यंत नव्हे, दारापर्यंत. मेट्रो खापरीपर्यंत धावते खरी, पण मध्यरात्री ती नसते, म्हणून कॅब ही कंपनीची मेहेरबानी नाही. मुलीला सांगा, ज्या रात्री गल्लीच्या तोंडाशी सोडलं त्या रात्रीच ट्रान्सपोर्ट डेस्कला तारीख, वेळ आणि गाडी नंबर घालून ईमेल करायचा, लीडला कॉपी. कॅबमध्ये सर्वांत शेवटी उतरणारी ती एकटी मुलगी असेल तर सोबत गार्ड हवा, हेही त्यात लिहायचं. चांगल्या कंपन्यांत हा नियमच असतो.

आणि तिच्या शिफ्टचं लीडला विचारायला सांगा. अमेरिकन क्लायंटचा कॉल रोज रात्रीच हवा असतो असं नाही. बऱ्याच टीम्समध्ये तो आठवड्यातून दोनदा पुरतो, बाकी सवयीने चालू असतो. मात्र सगळ्याच मुलींना दिवसपाळी देऊन टाका असं मी म्हणणार नाही. क्लायंटसमोर बसणारा लवकर वर जातो, आणि मुली नेमक्या त्या खोलीबाहेर राहतात.

प्रश्न : आमची कंपनी आठ जणांची. वरिष्ठांचे मेसेज रात्री-बेरात्री येतात, आता ते कामाचे राहिले नाहीत. कमिटी वगैरे काही नाही. कुणाला सांगू?
— नाव-गाव छापू नये

उत्तर : दहापेक्षा कमी कर्मचारी असले तर ऑफिसात समिती नसते, पण कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती नेमायची असते, तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तरी तीच. चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करा, किंवा केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरून तक्रार नोंदवा. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्या. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या जागी ठेवा. आणि एका विश्वासू माणसाला आजच सांगा.

प्रश्न : मी मुलींच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. सिनियर म्हणतात, आता रिझ्युमे आधी एआय वाचतं, 'फॉर विमेन' दिसलं की मागे टाकतं. नाव आखडून लिहू का? आणि मुलाखतीत लग्नाचं विचारलं तर?
— हिंगणा रोड

उत्तर : तुझे सिनियर हवेत बोलत नाहीत. ॲमेझॉनने 2014 पासून रिझ्युमेंना गुण देणारी एक प्रणाली बनवायला घेतली होती. दहा वर्षांचे जुने रिझ्युमे तिला शिकायला दिले, ते बहुतेक पुरुषांचे. त्यावरून ती शिकली की पुरुष बरे. 'महिला बुद्धिबळ क्लबची कप्तान' अशासारखा उल्लेख दिसला की गुण कमी, फक्त मुलींच्या असलेल्या दोन कॉलेजांच्या पदवीधरांचेही गुण कमी. रॉयटर्सने 2018 साली हे बाहेर आणलं. तोवर कंपनीने तो प्रकल्प गुंडाळला होता.

तरीही नाव पूर्ण लिही. अर्धवट नाव पडताळणीच्या वेळी उलट अडचणीचं होतं. त्यापेक्षा रिझ्युमेची रचना बदल. सर्वांत वर काम: काय बनवलं, कशात बनवलं, लिंक. कॉलेज खाली. लिंक उघडल्यावर खरोखर चालणारं काही दिसलं पाहिजे, गाइडने दिलेला लायब्ररी मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट नव्हे, तो सगळ्यांकडे असतो. आउटरीची नावाची एक इंटर्नशिप आहे, खुल्या सॉफ्टवेअरवर तीन महिने घरून काम, मानधनासकट. क्षेत्रात ज्यांची संख्या कमी त्यांच्यासाठीच ती आहे आणि वर्षातून दोनदा अर्ज निघतात. निवड नाही झाली तरी अर्जाच्या काळात केलेलं काम तुझ्या नावावर राहतं.

लग्नाचं विचारलं तर हसून एकच सांग, 'त्याचा नोकरीशी संबंध येईल तेव्हा रजेचा अर्ज देईन, सर.' आणि लगेच प्रोजेक्टवर ये. मग तुलाही प्रश्न विचारायची संधी देतातच. त्या वेळी विचार, मागच्या वर्षी आमच्या कॉलेजातून घेतलेल्या मुलींपैकी किती जणी डेव्हलपमेंटला आहेत आणि किती टेस्टिंगला? प्लेसमेंटच्या सरांच्या कपाळावर आठ्या पडतील. पडू देत.